डिसेंबरमध्ये वासोटा, एका दिवसात: वडील आणि अकरा वर्षांचा मुलगा सोबत. नियोजनासाठी मदत हवी

बकुळफुलं:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वासोट्याला, कोयनेच्या रानातल्या किल्ल्यावर, जायचं ठरतंय. आम्ही सहा जण आहोत: मी, नवरा, मुलगा (वय ११), माझे बाबा (वय ६४) आणि नवऱ्याचे दोन मित्र. मुलाचे सिंहगड आणि राजगड झाले आहेत, चालायला तो खुशीत असतो. बाबा रोज पहाटे पर्वती चढतात. दमसास चांगला आहे, पण उतारावर उजवा गुडघा बोलतो. कॉलेजात असल्यापासून त्यांच्या मनात वासोटा आहे आणि तो योग कधी आला नाही. त्यामुळे या वेळी त्यांना घेऊनच जायचं आहे.

जंगलातून चालायची सवय आम्हाला फारशी नाही. उघड्या डोंगरावर वाट समोर दिसते, इथे तसं नाही असं ऐकलं. पुण्याहून पहाटे निघून रात्री परत येणं जमेल का? परवानगी, बोट, पाणी, खाणं यांचं कसं करायचं? आणि बाबांना झेपेल का, हे कुणी स्पष्ट सांगितलं तर फार बरं होईल.

घाटवाट:
ताई, वासोट्याला वेळेचा हिशोब बोटीपासून मांडायचा आणि उलटा मांडायचा. बाकी किल्ल्यांवर अर्धा तास इकडे-तिकडे झाला तर फार तर अंधारात विजेरी लावून उतरतो. इथे मध्ये शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, आहे. पलीकडच्या काठावर मुक्कामाला परवानगी नाही आणि अंधारात बोट चालवायला कुणी तयार होत नाही, होऊही नये.

तर बघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बोट जिथून सुटते त्या बामणोलीला साडेपाचपर्यंत परत यायचं म्हणजे पलीकडे, गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीच्या काठावरून चारला बोट सुटली पाहिजे, कारण पाण्यावर सव्वा ते दीड तास जातो. बाबांचा गुडघा धरून उतरायला दोन तास ठेवा. म्हणजे माथा सोडायचा पावणेदोनला, त्याच्या पुढे नाही. वर एक तास तरी हवा, नाहीतर माथ्यावरचा बाबूकडा बघायचा राहून जाईल. चढायला सराईत माणसाला दीड तास लागतो, तुमच्या गटाला अडीच धरा. म्हणजे चालायला सुरुवात सव्वादहाला. त्याआधी वनखात्याच्या चौकीवर सामान तपासणीत पंधरा-वीस मिनिटं जातात. बोट साडेआठला निघाली पाहिजे आणि परवानगीचे कागद करायला तुम्ही पावणेआठला बामणोलीत हजर पाहिजे.

पुणे ते सातारा ११० किलोमीटर, तिथून यवतेश्वराच्या घाटाने कासवरून बामणोली आणखी ३५ च्या आसपास. शेवटचा टप्पा वळणांचा आहे. पहाटे तीन-साडेतीनला उठून निघावं लागेल, आणि गाडी चालवणारा माणूसच नंतर डोंगर चढून, उतरून, रात्री पुन्हा महामार्गावर गाडी हाकणार. हे करू नका. आदल्या रात्री साताऱ्यात किंवा सरळ बामणोलीत राहा. बामणोलीत साधी राहायची सोय होते.

जमल्यास शनिवार-रविवार टाळा. सुट्टीच्या दिवशी बोटीच्या रांगेतच तास जातो आणि तो तास वरच्या वेळेतून कापला जातो.

कऱ्हाडकर:
घाटवाट दादांशी सहमत. थोडं व्यवहाराचं सांगतो.

बोट अख्खी ठरवावी लागते, माणशी तिकीट नसतं. तुम्ही सहा जण असाल तर आणखी तीन-चार जणांचा गट मिळाला की खर्च वाटला जातो. पण दुसरा गट सोबत घेतला की परतीची वेळ त्यांच्याशी बांधली जाते. तुमच्या बाबतीत मी स्वतंत्र बोट घ्यायला सांगेन. ठरवताना दोन गोष्टी तोंडावर विचारा: बोट पलीकडे किती तास थांबेल, आणि उशीर झाला तर किती जादा. दर ठरलेले असतात, फलकावर लावलेले असतात, ते वाचूनच बोला.

बामणोलीप्रमाणे शेंबडी आणि मुनावळ्याहूनही बोटी सुटतात. मुनावळ्याहून पाण्यावरचा वेळ वाचतो. मात्र परवानगीचा कागद कुठे करायचा ते आधी विचारून ठेवा. प्रत्येकाचं ओळखपत्र, मुलाचंही, आणि त्याच्या दोन-दोन झेरॉक्स. कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं असतं. रोख पैसे साताऱ्यातच काढा, पेट्रोलही तिथेच भरा. कास ओलांडलं की मोबाइलचा भरवसा नाही. मेटला तर नाहीच.

एसटी साताऱ्याहून बामणोलीला आहे, पण तिच्या वेळा तुमच्या बोटीच्या वेळेला जुळणार नाहीत. गाडीच बरी.

चालभटक्या:
मी वेगळं मत मांडतो. एवढ्या लांब जाताय तर नागेश्वर सोडू नका. जंगलात वाट फुटते तिथून नागेश्वराची गुहा करायची, मग कड्याच्या धारेवरून वासोट्याला यायचं, असा फेरा होतो. माझ्या मते सह्याद्रीतल्या सगळ्यात देखण्या चालींपैकी ती एक आहे. एका हाताला कोकण सरळ खाली तुटलेलं, दुसऱ्या हाताला कोयनेचं रान. गुहेत शिवलिंग आहे, महाशिवरात्रीला कोकणातून, चोरवण्याच्या बाजूने लोक चढून येतात. फक्त वासोटा करून परत येणारे अर्धंच बघतात असं मला मनापासून वाटतं.

घाटवाट:
चाल सुंदर आहे, वादच नाही. पण दिवसाचं गणित वर मांडलं आहे, त्यात नागेश्वर कुठे बसतं ते दाखव. सहा तासांच्या खिडकीत तो फेरा तरण्या, सराईत चार जणांचा आहे. अकरा वर्षांचं पोर आणि दुखरा गुडघा घेऊन धारेवरच्या घसाऱ्यावर घाई करायची म्हणजे नको तिथे पाय सुटायचा. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा असतो, आणि तो माणूस पुढे चालला पाहिजे. मागे ठेवलं की तो धापा टाकत पोचतो तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून उठलेले असतात. त्याला विश्रांती मिळतच नाही.

चालभटक्या:
मान्य. सहा तासांत बसत नाही, या गटासाठी तर नाहीच. नागेश्वर नवऱ्याच्या मित्रांनी पुढच्या खेपेला वेगळं करावं. ताई, मग एक करा: वर गेल्यावर बाबूकड्यापाशी जास्तीत जास्त वेळ ठेवा. बाकी अवशेष जाता-येता होतात.

बकुळफुलं:
फार आभार. पहाटे निघायचा बेत रद्द, आदल्या दिवशी दुपारी निघू. मुलाची एक दिवसाची शाळा बुडेल, चालेल.

आता चढाईबद्दल. "मध्यम" म्हणतात म्हणजे नेमकं किती? बाबांना पर्वतीच्या हिशोबात सांगायचं आहे.

घाटवाट:
कोयना धरणाची पूर्ण पातळी २१६३ फूट, म्हणजे ६५९ मीटर. वासोट्याचा माथा साधारण ११७० मीटर. म्हणजे काठावरून माथ्यापर्यंत निव्वळ चढ ५०० मीटरच्या आसपास. पर्वती पायथ्यापासून ७०-८० मीटर धरली तर सहा-सात पर्वत्या एकामागून एक, फक्त पायऱ्यांऐवजी मुळं, दगड आणि पाचोळा. बाबा रोज एकच फेरी करत असतील तर आत्तापासून आठवड्यातून दोनदा तीन-तीन फेऱ्या करायला सांगा. विशेषतः उतरायचा सराव करू द्या.

अजून एक गोष्ट नकाशात दिसत नाही. पाण्याची पातळी पावसाळ्यानंतर टोकाला असते आणि मग वीजनिर्मिती-सिंचनासाठी उतरत जाते. डिसेंबरात पाणी बऱ्यापैकी वर असतं, बोट झाडीच्या जवळ लागते. तेच एप्रिल-मेमध्ये गेलात तर उघड्या, तापलेल्या गाळावरून बरंच चालावं लागतं आणि चढही तेवढा वाढतो. तुम्ही महिना योग्य निवडला आहे.

वाट अशी: चौकी सोडली की थोडं सपाट चालणं, मग ओढा. ओढ्याजवळ मारुती-गणपतीच्या मूर्ती आहेत. तिथवर कुणालाही जाता येतं. ओढा ओलांडला की चढ सुरू होतो आणि तो फारसा सोडत नाही. वाट मळलेली आहे, पण झाडी इतकी दाट की दुपारीही ऊन जमिनीला क्वचितच लागतं. पुढे एक फाटा नागेश्वराकडे जातो, तिथे सगळ्यांनी थांबून एकत्र व्हायचं. चुकामूक होते ती याच ठिकाणी. गडाजवळ झाडी विरळ होते, ऊन लागतं, पायऱ्या येतात आणि पडके दरवाजे.

आणि ठरवून ठेवा: माथा गाठला नसेल तर वाटेत कुठेही असा, सव्वा वाजला की परत फिरायचं. माथा समोर दिसत असला तरी. हे घरून निघतानाच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. वर गेल्यावर ठरवू म्हटलं की माणूस नेहमी "अजून थोडं" म्हणतो.

नाडी:
मी डॉक्टर आहे, गुडघ्याबद्दल लिहिते. बाबांचा रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी झालेली नसेल तर निघण्याआधी करून घ्या. हे ६४ वयाला कुणालाही सांगेन. गुडघा फक्त उतारावर दुखतो म्हणजे बहुधा मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ हवं आहे. आतापासून चार-पाच आठवडे मिळाले तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आणि एका पायरीवरून सावकाश खाली उतरणं, हे रोज करायला सांगा. दुखेपर्यंत नाही. उतरताना दोन हातांत दोन काठ्या, एकापेक्षा दोन केव्हाही बऱ्या. पावलं लहान. गुडघ्याचा पट्टा नेहमी वापरत असतील तरच बांधा, त्या दिवशी पहिल्यांदा नको.

पाणी माणशी तीन लिटर. ओढ्याचं पाणी डिसेंबरात वाहतं असतं, पण ते गाळून-शुद्ध करूनच प्या. गडावरच्या टाक्यावर अवलंबून राहू नका. जलसंजीवनीची पाकिटं, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, रोजच्या गोळ्या. बाबांच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे.

घरी आल्यावर सगळ्यांनी अंग नीट तपासा. काखा, कमरेचा पट्टा, मुलाचे कानामागचे भाग. गवे फिरतात तिथे गोचीड असते. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-रॉकेल लावू नका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं आवर्जून सांगा. ही माहिती लोक सांगत नाहीत आणि निदान लांबतं.

रानपिंगळा:
सापाबद्दल नाडीताईंच्या पुढे जोडते. या रानात चापडा आहे. हिरवा असतो, झुडपाच्या फांदीवर दिवसभर हलत नाही, आणि नेमका आपला हात जातो त्या उंचीवर असतो. म्हणून चढताना आधाराला कारवी किंवा फांदी पकडण्याआधी बघायचं, ही सवय मुलाला पहिल्या दहा मिनिटांत लावा. दगडावर बसण्याआधी काठीने आपटा. पायात घोट्याच्या वर येणारे बूट, पूर्ण पायघोळ. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांसाठी असतं, चापड्यासाठी ते नाही. चापड्याचा दंश सहसा जिवावर बेतत नाही, पण वेदना आणि सूज भयंकर. आणि दवाखाना म्हणजे आधी डोंगर उतरणं, मग बोट, मग साताऱ्यापर्यंतचा घाट. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही आणि निघायचं.

आता ज्यासाठी मी हा धागा उघडला ते लिहिते. तुम्ही जाताय ते कोयना अभयारण्य आहे, १९८५ साली जाहीर झालेलं, आणि २०१० पासून चांदोलीसकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जागांत कोयना होतं, आणि तुम्ही जाताना ओलांडणार ते कासही. इथे गवा, अस्वल, बिबट्या, भेकर, शेकरू असे सगळे राहतात. तुम्हाला बहुधा शेकरू आणि त्याची घरटी दिसतील. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की थांबा, एकेक शेकरू अशी कितीतरी घरटी बांधून ठेवतं. सकाळी ओढ्यापाशी शीळ ऐकू आली आणि कुणीतरी माणूसच निवांत शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर. मुलाला एक छोटी वही द्या, जे दिसेल त्याचं चित्र काढू दे. नावं नंतर शोधता येतात.

आधी चौकीवर, मग वाटेवर. चौकीवर सामान उघडून प्लास्टिक मोजतात, त्याची अनामत घेतात आणि परतताना तेवढं प्लास्टिक दाखवलं की पैसे परत देतात. ही पद्धत मला फार आवडते. पण तुम्ही त्याच्या पुढे जा: न्यायचंच नाही. पाणी स्टीलच्या बाटल्यांत, खाणं डब्यात आणि फडक्यात. चिक्की-बिस्किटांची वेष्टनं घरीच काढा. संत्र्याची सालं, केळ्याची सालं, अंड्याची टरफलंही परत आणायची. "कुजून जाईल" म्हणून लोक टाकतात, आणि माकडं त्यावर सवकतात.

आवाज. गाणी वाजवणारा डबा कुणी आणणार असेल तर त्याला घरी ठेवा. साधं बोलत चाललात तर उलट चांगलं, वळणावर अस्वल किंवा गवा अचानक समोर येण्यापेक्षा त्याला आपली चाहूल आधी लागलेली बरी. गवा दिसला तर जागच्या जागी उभं राहायचं, फोटोसाठी एक पाऊलही पुढे नाही, मुलाला मध्ये घ्यायचं, तो आपल्या वाटेने जातो. आणि वर कड्यांना आग्या मोहोळ असतं. धूर नाही, दगड नाही, अंगाला अत्तर नाही.

बकुळफुलं:
रानपिंगळाताई, तुमचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. त्याने आत्ताच वही काढली आहे. अंगावर कपडे कुठल्या रंगाचे घालायचे असं विचारतोय.

रानपिंगळा:
मातकट, खाकी, गडद हिरवा. पांढरा आणि भडक लाल नको. त्याला सांगा, वहीत पहिलं पान पाण्यासाठी ठेव. बोटीवरच्या दीड तासात काठाला बगळे, पाणकावळे, खंड्या दिसतात. तिथेच डोळे तयार होतात.

खोऱ्यातला:
इथे सहसा लिहीत नाही. पण हा धागा बघून राहवलं नाही.

आमचं मूळ घर कोयनेच्या खोऱ्यातलं. ताई, तुम्ही बोटीतून जाल तेव्हा खाली जे पाणी असेल त्याच्या तळाशी आमच्यासारख्या कित्येकांची भातखाचरं आहेत. १९६० च्या दशकात धरण भरलं आणि गावं उठली. कुणी रायगडात गेलं, कुणी सोलापुराकडे. आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत सोळशी, कांदाटी ही नद्यांचीच नावं होती. जी गावं पाण्याच्या वर राहिली, त्यातली काही पुढे अभयारण्यासाठी उठली. मेट इंदवलीही अशीच. तुम्ही चौकीजवळ उतराल तिथे वस्ती होती. नीट बघितलंत तर जोती दिसतात, आंब्या-फणसाची लावलेली झाडं दिसतात. रान आपोआप वाढलेलं नाही, त्यासाठी माणसांनी जागा सोडली आहे. एवढं मुलाला सांगा अशी विनंती.

आणि एक काम करा. बोटवाले याच खोऱ्यातले आहेत. त्यांच्यापैकी किंवा बामणोलीतला एखादा वाटाड्या सोबत घ्या. वाट मळलेली आहे हे खरं, पण बाबा सोबत आहेत म्हणून म्हणतो. त्याला प्रत्येक वळण माहीत असतं, कुठे बसावं, कुठे पाणी आहे, गवा आदल्या दिवशी कुठे होता, सगळं. जेवण बामणोलीतच सांगून जा, संध्याकाळी परत आल्यावर गरम मिळेल. इथली माणसं पर्यटनावरच टिकून आहेत. साताऱ्याहून डबे बांधून आणून इथे नुसता फोटो काढून जाऊ नका.

बकुळफुलं:
दादा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद लिहिलंत म्हणून. वाटाड्या नक्की घेऊ, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा बामणोलीतच जेवू. बाबांनाही वाचून दाखवलं, ते बराच वेळ धरणाच्या काळाबद्दल बोलत होते.

मुलाचा एक प्रश्न: हा किल्ला लढाईचा की कैद्यांचा? शाळेत कुणीतरी सांगितलं की तिथे तुरुंग होता.

घाटवाट:
दोन्ही. इतक्या आडरानात असल्यामुळे कैदी ठेवायला ही जागा सोयीची होती. वाट चुकली की माणूस रानातच राहायचा. शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये तो घेतला. पेशवाईच्या उत्तरकाळात तो पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने धरला आणि बापू गोखल्यांच्या फौजेशी कित्येक महिने लढवला. तुमच्या मुलाला ही गोष्ट आवडेल. एक बाई, चारी बाजूंनी रान, खाली सगळी पेशव्यांची फौज.

शेवटची लढाई १८१८ ची. दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली माणसं इथे ठेवली होती, शिवाय पकडलेले दोन इंग्रज अधिकारी. एप्रिलमध्ये इंग्रजांनी तोफा इथवर आणल्या. त्या कुठे चढवल्या हे तुम्हाला वर गेल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. बाबूकड्यावर उभे राहिलात की समोर दरीपलीकडे एक डोंगर दिसतो, तो जुना वासोटा. तो या गडाहून उंच आहे. तिथून मारा सुरू झाल्यावर किल्ला टिकण्यासारखा नव्हताच. मुलाला तिथे उभं करा आणि विचारा, तू किल्लेदार असतास तर काय केलं असतंस. इतिहासाचा एवढा सोपा धडा कुठल्याच वर्गात मिळत नाही. मात्र कड्यापासून दोन हात मागे, बसून बघा. वारा असतो आणि कठडा नाही.

हवा स्वच्छ असेल तर चकदेव, रसाळगड, सुमारगड, महिपतगड ओळखता येतात. वर बिनछपराचा मारुती, वाड्याचं जोतं, महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं आणि चुन्याची घाणी आहे.

बकुळफुलं:
एक गोष्ट उरते आणि तीच मला रात्री झोपू देत नाही. समजा बाबांना अर्ध्या वाटेत जमलं नाही तर? त्यांना परत फिरायला सांगायचं कसं, आणि कुणी सांगायचं? माझ्या तोंडून निघणार नाही.

नाडी:
हे घरीच ठरवा, बाबांसमोर. तीन टप्पे ठेवा: ओढा, नागेश्वराचा फाटा आणि माथा. ओढ्याशी ते स्वतः सांगतील कसं वाटतंय. फाट्याला पोचेपर्यंत तुमच्या अंदाजापेक्षा वेळ जास्त गेला, किंवा छातीत जड वाटलं, चक्कर आली, दम बसायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला, तर तिथून खाली. छातीत दुखलं तर अर्थातच लगेच, टप्पा-बिप्पा काही नाही. कारण वेळेचं आणि अंगाचं असलं की मान-अपमान त्यात येत नाही. एकटं कुणालाही मागे सोडायचं नाही. त्यांच्यासोबत खाली कोण येणार ते नाव आधीच पक्कं करा आणि त्या माणसाने माथ्याची आशा सोडूनच निघायचं.

घाटवाट:
आणि बाबांना असंही सांगा की वासोटा म्हणजे फक्त माथा नाही. ओढ्यापासून फाट्यापर्यंतचं रान हेच या वाटेवरचं सगळ्यात श्रीमंत रान आहे. माथ्यावर ऊन आणि पडकी जोती आहेत. मी स्वतः ओढ्याजवळ तासभर बसायला मिळालं तर खुशीने बसेन.

बकुळफुलं:
बाबांशी बोलले. वेळापत्रक त्यांनीच कागदावर लिहून फ्रिजला लावलं आहे, सव्वा वाजता परत फिरायचं हे लाल शाईने. खाली कोण येणार यावर नवऱ्याने लगेच हात वर केला, पण बाबा म्हणाले मित्रांपैकी एकाने यावं, म्हणजे नातू आणि जावई दोघं वर जातील. नवऱ्याचे मित्र तयार आहेत. काठ्या दोन आणल्या. पर्वतीच्या तीन फेऱ्या कालपासून सुरू झाल्या.

गुरुवार ठरला आहे. बुधवारी संध्याकाळी बामणोलीत मुक्काम. वनखात्याला फोन करून त्या दिवशी प्रवेश चालू आहे ना हे विचारून घेते.

कऱ्हाडकर:
निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करा, नियम मधल्या मधे बदलतात. आणि कासच्या घाटात डिसेंबरात पहाटे-संध्याकाळी धुकं दाटतं, त्यामुळे बुधवारी अंधार पडायच्या आत बामणोलीत पोचा. बोटीवर सकाळी गारठा असतो. बाबांना आणि मुलाला कानटोपी, अंगात एक जाड कपडा. तो चौकीपाशी काढून सॅकेत टाकता येतो. जीवरक्षक जाकीट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. मुलाच्या मापाचं आहे का ते बोटीत चढण्याआधी बघा.

चालभटक्या:
ताई, सहा जण आहात आणि स्वतंत्र बोट घेताय. गुरुवारी मलाही सुट्टी आहे. माझी जागा होत असेल तर बाबांसोबत ओढ्याशी थांबायला मी तयार आहे. वासोटा माझा झालेला आहे. म्हणजे तुमचे सगळे वर जाऊ शकतील आणि बोटीचा माझा वाटा मी देईन.

बकुळफुलं:
जागा आहे, आणि तुम्ही आलात तर बाबांना गप्पा मारायला हक्काचा माणूस मिळेल. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. बुधवारी कुठून येणार तेवढं कळवा. पुण्याहून येणार असाल तर आमच्या गाडीत बसत नाही, पण साताऱ्याच्या स्टँडवरून पुढे थोडं दाटीवाटीने घेता येईल.

चालभटक्या:
साताऱ्याहूनच. चार वाजता स्टँडच्या समोर उभा राहतो.